श्रीमंत बायजाबाई शिंदे : चरित्र आणि काल

ऐतिहासिक घराण्यांच्या ज्या वंशावळी संग्राहकांकडून वेळोवेळीं पुढें येतात, त्या चाळीत असतां एक गोष्ट सहज ध्यानांत येते. पुरुषांच्या नांवापुढें जन्ममृत्यूचे शक, मिळालेलीं वतनें, केलेल्या स्वाऱ्या, क्वचित् एखाद्या सनदेचा हवाला असतो. बायकांच्या वांट्यास ‘कुटुंब’ हा एकच शब्द येतो. आणि तोहि सर्वांच्याच वांट्यास येतो असें नाहीं. लग्नांत मुलीचें नांव बदलण्याची चाल असल्यामुळें माहेरच्या कागदांतील मुलगी व सासरच्या कागदांतील सून या पुष्कळदां दोन निराळ्या व्यक्ति भासतात. एकोणिसाव्या शतकांतील आपल्या एखाद्या आजी-पणजीचा माग काढूं इच्छिणारास पहिली अडचण पडते ती हीच.

ही अडचण केवळ सामान्य कुळांतील आहे असें कोणी म्हणेल, तर त्याच्यासाठीं आम्ही मुद्दाम एक मोठें उदाहरण घेतों. श्रीमंत बायजाबाई शिंदे या दौलतराव शिंद्यांच्या पत्नी. सहा वर्षें ग्वाल्हेरचा सर्व कारभार त्यांच्या हातीं होता. परंतु शिंद्यांच्या वंशावळींत त्यांचें स्थान पाहूं गेल्यास दौलतरावांपासून एक दत्तकाची रेषा निघते, तींतून जनकोजीराव येतात, त्यांच्यापासून पुन्हां दत्तकाची रेषा निघून जयाजीराव येतात. आणि ज्या बाईंनीं पहिला दत्तक घेतला, त्यांचें नांव नवऱ्याच्या नांवाशेजारीं पडून राहतें. कागलकर घाटग्यांकडे पाहावें तर मुलगी लग्न होऊन गेली, एवढ्यावर तिचा विषय संपतो. पोटचा मुलगा नसल्यामुळें त्यांना ‘आमच्या पूर्वज’ म्हणण्याचा अधिकार वंशावळीच्या रीतीनें कोणाकडेच जात नाहीं. म्हणून त्यांचें चरित्र वंशावळ बाजूस ठेवून, तह, इमारती व परक्यांचे प्रवासवृत्तांत यांतूनच जुळवावें लागतें. तसें जुळवूं गेल्यास एक वादाचा प्रश्न पुढें येतो : १८२७ ते १८३३ पर्यंत बाई ग्वाल्हेरच्या धनीण होत्या, कीं अज्ञान दत्तकाच्या नांवानें कारभार पाहणाऱ्या केवळ मुखत्यार होत्या?

बाईंचा जन्म १७८४ सालीं कागल येथें झाला. घाटगे घराणें आदिलशाही काळापासून नामांकित. वडील सखाराम घाटगे हे पुढें सर्जेराव या किताबानेंच ओळखले जाऊं लागले, व दुर्दैवानें त्याच नांवानें कुप्रसिद्धहि झाले. १७९८ च्या फेब्रुवारींत पुण्यास दौलतरावांशीं बाईंचें लग्न झालें, तेव्हां त्यांचें वय चौदा वर्षांचें. त्या वर्षींचें पुणें कसें होतें हें या पत्रिकेच्या वाचकांस विस्तारानें सांगण्याची गरज नाहीं. नाना फडणीस १७९७ च्या अखेरीस शिंद्यांच्या कैदेंत पडले होते. दुसऱ्या बाजीरावानें गादीच्या मोबदल्यांत कबूल केलेले दोन कोट रुपये त्यास देतां येत नव्हते. शिंद्यांची फौज पगारासाठीं दाराशीं बसली होती. ती रक्कम शहरांतील सावकारांकडून व जुन्या मुत्सद्यांकडून उकळण्याचें काम ज्यानें केलें तो हाच नवा सासरा. पुणेंकरांनीं त्या छळाची आठवण पिढ्यान् पिढ्या जतन केली, आणि बापाच्या करणीचा डाग मुलीच्या नांवावरहि लागला. पुढील लेखकांनीं बाईंच्या स्वभावाविषयीं जें कठोर लिहिलें आहे, त्यांतील कांहीं भाग आमच्या मतें सर्जेरावांच्या हिशेबीं जमा करावयास पाहिजे.

बाई उत्तम घोडदौड करीत व भाला-तलवार चालवीत, याविषयीं सर्वांचें एकमत आहे. १८०३ च्या सप्टेंबरांत असईच्या रणांगणावर त्या स्वतः लढल्या असेंहि सांगतात. फौजेबरोबर जनाना असणें ही त्या वेळची सर्वसाधारण चाल होती, तेव्हां त्या स्वारींत असतील यांत नवल नाहीं; परंतु स्वारींत असणें निराळें व हातघाईच्या लढाईंत असणें निराळें. दुसऱ्या गोष्टीस समकालीन कागद मिळेपर्यंत तिला दंतकथेंत ठेवावें हें बरें.

ज्या कागदांत त्यांचें नांव नि:संशय व ठळकपणें येतें, तो दंतकथेचा नव्हे. असई, लासवारी व अडगांव येथील पराभवांनंतर ३० डिसेंबर १८०३ रोजीं सुर्जी अंजनगांवचा तह झाला. पुढें १८०५ च्या आरंभीं शिंद्यांच्या छावणींत इंग्रज वकील जेंकिन्स याची छावणी लुटली गेली व त्यास अडकवून ठेवण्यांत आलें. इंग्रजांनीं याचा दोष सर्जेरावांच्या माथीं मारला. वेलस्लीची धोरणें मागें पडून बार्लोच्या हातीं कारभार आल्यावर त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत माल्कमच्या मध्यस्थीनें नवा तह झाला. या तहांत दौलतरावांस सालीना चार लक्ष रुपये देण्याचें ठरलें. शिवाय हिंदुस्थानांत बायजाबाईंस दोन लक्षांची व त्यांची कन्या चिमणाबाई हिला एक लक्षाची जहागीर कंपनीनें कबूल केली. आणि याच तहांत, सर्जेराव घाटग्यांस शिंद्यांनीं पुन्हां कधींहि आपल्या मसलतींत घेऊं नये, असेंहि एक कलम आहे.

एकाच कागदांत बाप दूर करावयाचा व मुलीस जहागीर द्यावयाची, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. राण्यांस नेमणुका देणें नवें नव्हे. परंतु परक्या सरकारनें तहाच्या कलमांत एका राणीचें व तिच्या अल्पवयी मुलीचें नांव घालून त्यांस स्वतंत्र उत्पन्न लावून द्यावें, याचा अर्थ असा कीं, एकवीस वर्षांच्या या बाईचें दरबारांतील वजन इंग्रजांनीं तेव्हांच ओळखलें होतें. बाप गेला तरी मुलगी राहणार, आणि ती आपल्या उपकारांत असलेली बरी, असा हा हिशेब दिसतो. तो पुढें चुकला, हें १८२७ नंतरच्या घडामोडींवरून दिसेलच. घातलेलें कलमहि फार टिकलें नाहीं. सर्जेराव पुन्हां छावणींत आलेच, आणि १८०९ सालीं तेथेंच मारले गेले. त्याच वर्षींच्या छावणीचें वर्णन रेसिडेंटाच्या शरीररक्षक तुकडीचा अधिकारी ब्राउटन यानें पत्ररूपानें लिहून १८१३ सालीं छापलें. त्यांतील तिरकस शेरे वगळले तरी दरबाराचें दैनंदिन चित्र म्हणून तें पुस्तक मोलाचें आहे.

यानंतर छावणी ग्वाल्हेरीस स्थिरावून ‘लष्कर’ शहर वसलें (१८१०), १८१७ त ग्वाल्हेरचा तह झाला, पेशवाई बुडाली. हा भाग आम्ही सोडून देतों. पूना रेसिडेन्सी करस्पॉन्डन्सच्या मालेंत तो सविस्तर आला आहे.

२१ मार्च १८२७ रोजीं दौलतराव वारले. मुलगा नव्हता, व दत्तकहि घेतलेला नव्हता. कारभार बाईंच्या हातीं राहावा अशी त्यांची इच्छा होती. परंतु तसा लेख करून न ठेवतां त्यांनीं बाब रेसिडेंट स्टुअर्टवर सोंपविली. येथेंच सर्व घोटाळ्याचें मूळ आहे. गादीस दत्तक वारस पाहिजे असा इंग्रजांचा आग्रह होता. त्याप्रमाणें जूनमध्यें (शके १७४९) शिंदे कुळांतील मुकुटराव नांवाचा सुमारें अकरा वर्षांचा मुलगा बाईंनीं मांडीवर घेतला व त्याचें नांव जनकोजीराव ठेविलें. बाईंच्या नातीशीं, म्हणजे मुलीच्या मुलीशीं, त्याचें लग्न लावण्यांत आलें. या लग्नाचा अर्थ उघड आहे : दत्तकामुळें गादी दुसऱ्या शाखेंत गेली, तरी बाईंचें रक्त नातीच्या द्वारें तींत परत यावें. वंशावळ लिहिणारांनीं हा धागा बहुधा वगळला आहे, कारण तो बायकांमधून जातो.

आतां मुख्य प्रश्न. दत्तक झाला कीं त्याच क्षणीं मालकी त्याची, व आई केवळ पालक, असा अर्थ इंग्रजी अमलांतील न्यायालयें धर्मशास्त्रापासून काढूं लागलीं होतीं. बाईंचें म्हणणें असें कीं, नवऱ्यानें कारभार आम्हांस दिला, तो आमच्या हयातीपर्यंत. मुलगा आमच्या पश्चात् धनी. दोन्ही म्हणणीं मांडतां येण्याजोगीं होतीं. मराठी राज्यांत विधवा राणीनें दौलत चालविल्याचे दाखले दूरचे नव्हते. अहिल्याबाई होळकरांस जाऊन त्या वेळीं जेमतेम तीस-बत्तीस वर्षें झालीं होतीं. बाईंनीं मागितलें तें नवें कांहीं नव्हतें. नवीन होतें तें एवढेंच कीं, निर्णय आतां घराण्यांत होत नसून रेसिडेन्सींत होत होता.

जनकोजीराव वयांत येऊं लागले तशी कुरबुर वाढली. १८३२ च्या डिसेंबरांत गव्हर्नर जनरल बेंटिंक स्वतः ग्वाल्हेरीस आला, परंतु त्यानें कोणत्याहि पक्षास स्पष्ट निर्णय दिला नाहीं. जेव्हां सत्ताधीश असा मोघम बोलतो, तेव्हां निकाल फौज लावते. १८३३ च्या जुलैंत पलटणी जनकोजीरावांच्या बाजूनें उठल्या; बाईंस रेसिडेन्सीचा आश्रय घ्यावा लागला व तेथून धौलपुरावरून आग्र्याकडे जावें लागलें. पुढें फत्तेगड, अलाहाबाद अशीं ठिकाणें बदलत त्यांचा परदेशवास चालला. कांहीं काळ त्या नाशिकासहि राहिल्या.

बाईंवर इंग्रजी कागदांत दोन आरोप सतत येतात : सत्तेची हांव व द्रव्याचा लोभ. पहिल्याविषयीं वर लिहिलें आहे. दुसऱ्याविषयीं इतकेंच कीं, त्यांची उज्जयिनीकडे सावकारी होती, आणि त्या व्यवहारांत त्या तरबेज होत्या. अमर फारूकी यांनीं ग्वाल्हेरच्या या काळावरील आपल्या ग्रंथांत (२०११) या सावकारीची बाजू चांगली उजेडांत आणिली आहे. ज्या काळीं फौजेचा पगार थकला कीं सरदारास धरणें धरून बसवीत, त्या काळीं खजिना स्वतःच्या हातांत ठेवणारी राज्यकर्ती लोभी ठरावी, आणि कंपनीनें संस्थानिकांकडून कर्जें काढावीं तीं मात्र मैत्री ठरावीं, हा न्याय आम्हांस समजत नाहीं.

त्या द्रव्याचा एक भाग कोठें गेला हें अजून दगडांत वाचतां येतें. काशीस ज्ञानवापीच्या विहिरीवरील स्तंभमंडप बाईंनीं १८२८ सालीं बांधविला. शेरिंग याच्या काशीवरील ग्रंथांत (१८६८) दौलतरावांच्या विधवा म्हणून त्यांच्या नांवासह त्याची नोंद आहे. मणिकर्णिकेजवळचा शिंदे घाटहि त्यांचाच. त्याचें बांधकाम इतकें अवजड झालें कीं तें आपल्याच भारानें खचलें. उज्जयिनीचें गोपाळमंदिरहि त्यांचेंच. सन पाहिले असतां असें दिसतें कीं, ज्ञानवापीचा मंडप ऐन कारभाराच्या वर्षांतला आहे. वैधव्यांतील पुण्यकर्म हा त्याचा एक अर्थ. दौलतीची धनीण या नात्यानें सर्व हिंदुस्थानच्या यात्रेकरूंपुढें स्वतःच्या नांवानें उभें राहणें हा दुसरा. अहिल्याबाईंनीं काशीस जें केलें तें बाईंच्या डोळ्यांपुढें होतें, असें आम्हांस वाटतें.

फत्तेगडच्या मुक्कामाचा एक साक्षीदार फार निराळा आहे. अलाहाबादेस राहणाऱ्या एका कंपनी-अधिकाऱ्याची पत्नी फॅनी पार्क्स हिनें १८३५ त बाईंची भेट घेतली व पुढें अलाहाबादेसहि ती त्यांस भेटत राहिली. तिचा प्रवासग्रंथ १८५० सालीं लंडनास प्रसिद्ध झाला. ही बाई स्वतः घोड्यावर बसणारी. त्यामुळें दोघींचा स्नेह घोड्यांवरूनच जुळला. एकीकडे पाय टाकून बसण्याची इंग्रज बायकांची तऱ्हा मराठा बायकांस चमत्कारिक वाटली, आणि बाईंची नात गजराजासाहेब हिनें मराठी पद्धतीनें घोडा कसा फिरवावा तें करून दाखविलें. याहून महत्त्वाचा एक संवाद त्यांत आहे. विलायतेंत लग्न झालेल्या स्त्रीस कायद्यानें किती थोडा अधिकार आहे, याविषयीं पार्क्सबाई बोलली, व इकडच्या विधवेच्या स्थितीविषयीं उभयतांचें बोलणें झालें. त्या वेळीं इंग्लंडांत विवाहित स्त्रीची मिळकत नवऱ्याची होत असे. दोन लक्षांची जहागीर तहानें स्वतःच्या नांवें मिळविलेली, सहा वर्षें राज्य चालविलेली आणि आतां तंबूंत दिवस कंठणारी बाई हें ऐकत होती, हें ध्यानांत घेऊन तीं पानें वाचावीं. रेसिडेंटांच्या खलित्यांतून दिसणारी बायजाबाई आणि या पानांतून दिसणारी प्रौढ, हंसतमुख, चौकस बाई यांची ओळख पटविणें कठीण जातें. दोन्हीहि खऱ्या असतील. पण खलिते लिहिणारांस बाईंपासून कांहीं हवें होतें, पार्क्सबाईस नव्हतें, एवढा फरक आम्ही करूं.

येथें बाईंचे बंधु हिंदुराव घाटगे यांचा उल्लेख जातां जातां केला पाहिजे. बाईंबरोबर ग्वाल्हेर सोडल्यावर ते दिल्लीस राहिले. तेथील टेकडीवरचें विल्यम फ्रेझरचें घर त्यांनीं घेतलें, व तें ‘हिंदुरावाचा वाडा’ म्हणून १८५७ च्या वेढ्यांत इंग्रजांचें मुख्य ठाणें झालें. दिल्लींतील हिंदुराव रुग्णालय त्याच नांवावर आहे. कागलच्या घाटग्यांचें नांव दिल्लीकर रोज घेतात, पण तें कोणाचें हें त्यांतील थोड्यांस ठाऊक असेल.

१८४३ च्या फेब्रुवारींत जनकोजीरावहि निपुत्रिक वारले. त्यांची तेरा वर्षांच्या आंतबाहेरची विधवा ताराबाई हिनें जयाजीरावांस दत्तक घेतलें. कारभारी कोण असावा यावरून इंग्रजांशीं बिघाड होऊन २९ डिसेंबर रोजीं महाराजपूर व पनिआर येथें एकाच दिवशीं दोन लढाया झाल्या. पुढें दहा-अकरा वर्षांनीं झांशींत गंगाधररावांनीं मरणापूर्वीं घेतलेला दत्तक डलहौसीनें नाकबूल केला. हीं प्रकरणें शेजारीं ठेवून पाहावीं. १८२७ त विधवेस सांगितलें कीं, दत्तक घेतल्याशिवाय चालणार नाहीं. १८५४ त दुसऱ्या विधवेस सांगितलें कीं, दत्तक घेतला तरी चालणार नाहीं. शास्त्र तेंच होतें. बदललें होतें तें विचारणाराचें बळ. बायजाबाईंचा दावा कायद्यानें लंगडा होता असें म्हणणारांनीं हा कायदा कोणाच्या सोयीनें चालत होता तेंहि पाहावें. आमच्या मतें १८२७ त त्या नांवानें मुखत्यार व व्यवहारांत धनीण होत्या. आणि या दोहोंतील अंतर मिटविण्याचें साधन त्यांच्या हातीं कोणीच ठेविलें नव्हतें.

जयाजीरावांच्या काळांत बाई ग्वाल्हेरीस परतल्या. त्यांच्या उतारवयांतील एक बेत मराठी वाङ्मयास चांगलाच फळला. मथुरेस त्या सर्वतोमुख यज्ञ करणार व त्यांत मोठा दानधर्म होणार, अशी वार्ता दक्षिणेंत पसरली. ती ऐकून वरसईचे विष्णुभट गोडसे घरचें कर्ज फेडण्याच्या आशेनें चुलत्यांसह १८५७ त उत्तरेकडे निघाले, आणि दक्षिणा मिळविण्याऐवजीं बंडाच्या वणव्यांत सांपडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामण विनायक वैद्य यांनीं १९०७ त प्रसिद्ध केला, तो भाषा व मजकूर यांत फेरफार करून; मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनीं केलेली आवृत्ति १९६६ त निघाली. वैद्यांची प्रत हाताशीं धरून अद्यापिहि जे निर्णय देतात, त्यांनीं मूळ पाठ पाहिल्यावांचून लेखणी उचलूं नये, अशी आमची विनंती आहे.

१ जून १८५८ रोजीं तात्या टोपे, रावसाहेब पेशवे व राणी लक्ष्मीबाई यांनीं ग्वाल्हेर घेतलें. जयाजीराव व दिनकरराव आग्र्यास गेले. बायजाबाई राजस्त्रियांस घेऊन नरवरास गेल्या. रावसाहेबांनीं त्यांस पत्र लिहून परत यावें व राज्य सांभाळावें असें विनविलें. पंचवीस वर्षांपूर्वीं जें हातचें गेलें होतें तें आतां पायाशीं येत होतें. बाईंनीं तें पत्र सर रॉबर्ट हॅमिल्टन याच्या स्वाधीन केलें. कोणी यास भीति म्हणतील, कोणी राजनिष्ठा. ज्या मुलाच्या नांवें गादी चालली होती त्याचा पक्ष त्यांनीं सोडला नाहीं, असेंहि यांतून निघतें. आणि पेशव्यांच्या वतीनें आलेलें निमंत्रण वाचतांना १७९८ च्या पुण्याची आठवण त्यांस झाली नसेल असें म्हणवत नाहीं. १८६३ त ग्वाल्हेरीस त्यांचा अंत झाला, तेव्हां त्यांचें वय एकोणऐंशीच्या सुमाराचें होतें. नाना फडणिसांची कैद पाहिलेली ती मुलगी झांशीच्या राणीच्या मागें पांच वर्षें जगली.

आतां संग्राहकांस दोन शब्द. राण्यांचा माग तहांत लागतो, तसा सामान्य घरांतील बायकांचा माग इनाम कमिशनच्या कैफियतींत लागतो. १८५२ च्या अकराव्या कायद्यानें वतनदारांस आपले हक्क सिद्ध करावे लागले, आणि दत्तक व वारसा यांच्या वादांत विधवांचीं नांवें, त्यांचे जबाब व क्वचित् माहेरचा उल्लेख नोंदला गेला. नाशिक, त्र्यंबक व काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतहि यात्रेस आलेल्या बायकांचीं नांवें सांपडतात. रुमाल सोडतांना जमाखर्चाच्या फडांत लुगडीं, ओंटी, माहेरवाशिणीची पाठवणी असे खर्च निरुपयोगी म्हणून बाजूस टाकूं नयेत. माहेर व सासर यांची गांठ बहुधा तेथेंच सुटते. बायजाबाईंच्या शिक्क्याचा किंवा त्यांच्या नांवें झालेल्या दानपत्राचा, हुंडीचा वा नाशिकच्या मुक्कामांतील हिशेबाचा कागद ज्यांच्या संग्रहीं असेल, त्यांनीं त्याची मोडी नक्कल, कागदाच्या लांबीरुंदीसह व शिक्क्याच्या ठशासह, संपादकांकडे धाडण्याची कृपा करावी.